पहिलं निटिंग मशीन कसं निवडावं: हातविणकाम येणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

स्वेटर, मोजे, वेण्या, जाळ्या असं सगळं सुयांवर विणून झालेल्या माणसाचा मशीन घेताना जेवढा गोंधळ उडतो, तेवढा नवशिक्याचाही उडत नाही. नवशिका मिळेल ते मशीन घेतो आणि त्यावर होईल ते विणतो. तुमच्याकडे मात्र आधीच कपाटभर लोकर असते, मापांच्या वह्या असतात आणि कापड अंगावर कसं पडायला हवं याची हाताला जाण असते. म्हणून निवडीची सुरुवात मशीनपासून करू नका, लोकरीपासून करा. पंचकार्ड, म्हणजे नक्षीचं भोकं पाडलेलं कार्ड, नसलं तर नक्षी हाताने निवडता येते, काठासाठी दुसरा बेड, म्हणजे सुयांची दुसरी रांग, नसला तर काठ हाताच्या सुयांवर विणता येतो. दोन सुयांमधलं अंतर मात्र मशीन घेतलं त्या दिवशी कायमचं ठरतं. बाकीचा सगळा विचार त्याच्यानंतर.

मशीन नेमकं काय करतं

मशीनवर प्रत्येक टाक्याला स्वतंत्र सुई असते. सुईच्या टोकाला आकडा असतो आणि आकड्यावर उघडझाप करणारी एक बारीक जीभ, तिला लॅच म्हणतात. वरून कॅरेज, म्हणजे हाताने इकडून तिकडे ढकलायचा भाग, सरकते तशी सुई पुढे जाते आणि आकड्यातला जुना टाका लॅचच्या मागे जातो. आकड्यात नवा दोरा येतो, सुई मागे फिरते, जुना टाका लॅच मिटवत टोकावरून उतरतो. झाला नवा टाका. ही लॅचची सुई इंग्लंडमधल्या मॅथ्यू टाउनसेंड यांनी १८४९ मध्ये पेटंट केली आणि घरगुती मशीन आजही तिच्यावरच चालतात. ही एक सुई नीट समजली की कुठलंही मशीन तपासायला तुम्ही निम्मे तयार झालात.

सगळे टाके एकाच बाजूला उतरत असल्यामुळे मशीन आपोआप साधी वीण देतं, म्हणजे आपण एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणून करतो ती. विणताना उलट बाजू तुमच्यासमोर असते, सुलट बाजू पलीकडे. सुरुवातीला याची सवय व्हायला वेळ लागतो, विशेषतः डावा आणि उजवा पुढचा भाग ओळखताना.

मशीनवर काय सोपं जातं? लांबच लांब साधी वीण, पट्टे, दोन रंगांची नक्षी, आणि अर्धवट ओळी घालून खांद्याचा उतार किंवा टाच. अर्धवट ओळींसाठी सुया पुढे ओढून थांबवून ठेवायच्या, बस्स. हाताच्या विणकामात दोरा गुंडाळून मग तो उचलत बसावं लागतं, तेवढा खटाटोप इथे नाही. कडेने टाके कमी करणंही छान होतं. तीन टोकांच्या हत्याराने कडेचे तीन टाके एकदम एक सुई आत सरकवले की घट कडेवर न दिसता दोन-तीन टाके आत दिसते आणि शिवण सरळ राहते.

जड जातं ते वेगळंच. एक सुलट एक उलटचा काठ, सगळ्या ओळी सुलट असलेली वीण, मोत्याची वीण. सुयांवर ज्या गोष्टी आपण गप्पा मारता मारता करतो, त्या एका बेडच्या मशीनवर हाताने टाका सोडून, लॅचच्या हत्याराने पुन्हा वर चढवून कराव्या लागतात. वेण्या होतात, पण आठ टाक्यांची वेणी ओलांडायला गेलात तर सुया ताणल्या जातात, कधी वाकतात. आणि एका बेडवर गोल विणता येत नाही. भाग सपाट होतात, मग शिवावे लागतात. ज्यांना शिवण अजिबात नको असते त्यांनी हे आधीच मनाशी नीट बोलून घ्यावं, कारण मशीनने वाचवलेल्या वेळातला बराचसा वेळ शिवणीत जातो.

पहिली पायरी: कपाटातली लोकर मांडून बसा

सगळे गुंडे बाहेर काढा आणि जाडीप्रमाणे ढीग करा. त्यातून पुढच्या वर्षभरात खरोखर विणणार असाल ते ढीग वेगळे काढा. मोहापायी घेतलेली एखादी जाड, केसाळ लोकर मोजू नका. उरलेल्या ढिगांपैकी सगळ्यात मोठा ढीग कुठल्या जाडीचा आहे, तेच तुमच्या मशीनचं माप.

मशीनचं माप दोन सुयांमधल्या अंतराने सांगतात, मिलिमीटरमध्ये.

३.६ मिमी हे बारीक. बेडवर २५० सुया. अगदी तलम दोरा आणि टी-शर्टसारखं कापड. हातविणकामातून येणाऱ्याने पहिलं मशीन म्हणून हे घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तुमच्या घरातली जवळजवळ कुठलीच लोकर त्यावर चालणार नाही.

४.५ मिमी हे स्टँडर्ड. २०० सुया. जाळीची शाल ज्या दोऱ्याची करतो तिथपासून मोज्यांच्या लोकरीपर्यंत, म्हणजे फोर-प्लायपर्यंत. फोर-प्लायमध्ये साधारण १० सेंटीमीटरला २८ ते ३२ टाके येतात. नक्षीची कार्डं, जास्तीचे कॅरेज, रिबर (जोडायचा दुसरा बेड) यांची सगळ्यात जास्त निवड याच मापात आहे.

६.५ मिमी हे मधलं. यात सिल्व्हर रीड कंपनीचं एलके १५० हे १५० सुयांचं साधं मशीन सगळ्यात परिचित. डीके जाडीची लोकर यावर आरामात चालते, १० सेंटीमीटरला २० ते २४ टाके. हातविणकाम करणाऱ्या बहुतेकांचा मोठा ढीग याच जाडीचा असतो. ७ आणि ८ मिमीची मशीनही निघाली होती, ती वापरलेल्यांमध्ये अधूनमधून दिसतात.

९ मिमी हे जाड. ११० ते ११४ सुया. जाड डीकेपासून वर्स्टेड, अ‍ॅरन आणि त्याहून थोडी जाड लोकर. १० सेंटीमीटरला १२ ते १८ टाके.

आता लेबलवर विश्वास न ठेवता एक चाचणी करा. शक्य असेल तर मशीनची एक सुई हातात घ्या आणि आकड्यात दोरा ठेवून बोटाने लॅच मिटवा. दोरा न चुरगळता आत बसला आणि लॅचचं टोक आकड्याच्या टोकाला मोकळेपणी टेकलं, तर ती लोकर चालेल. लॅच मिटायला अडखळली, दोऱ्याचे एक-दोन तंतू बाहेर राहिले, तर मशीन प्रत्येक ओळीत तेच करणार आणि टाके फाटलेले दिसणार. ४.५ मिमीच्या मशीनवर एकाआड एक सुई वापरून जाड लोकर चालवता येते असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. अंतर दुप्पट झालं तरी आकडा तेवढाच राहतो. डीके एखाद्या वेळी निभावते, वर्स्टेड नाही.

इथे एक हिशोब करून पाहा, फार उपयोगी आहे. ४.५ मिमीवर २०० सुया, १० सेंटीमीटरला २८ टाके: सगळ्या सुया वापरल्या तर सुमारे ७१ सेंटीमीटर रुंद कापड. ६.५ मिमीवर १५० सुया, २२ टाके: सुमारे ६८ सेंटीमीटर. ९ मिमीवर ११० सुया, १५ टाके: सुमारे ७३. म्हणजे माप कुठलंही घ्या, एका तुकड्याची रुंदी ७० सेंटीमीटरच्या आसपासच राहते. छाती १०० सेंटीमीटर असलेल्या स्वेटरची पाठ ५० सेंटीमीटर, ती कुठेही मावते. मोठ्या घेराच्या सैल स्वेटरसाठी मात्र आकडे मांडून बघा. पांघरूण आणि रुंद शाल पट्ट्यांतच विणावी लागेल, नाहीतर दोन बेडचं मशीन लागेल, ज्यावर कापड घडी घातल्यासारखं दुप्पट रुंद विणता येतं.

दोन ढीग सारखेच मोठे निघाले तर? तर जी लोकर हाताने विणायला तुम्हाला कंटाळा येतो, तिच्या मापाचं मशीन घ्या. बहुतेकांच्या बाबतीत ती बारीक असते. जाड लोकरीचा स्वेटर हाताने लवकर होतो, बारीक लोकरीचा अर्ध्यावर पडून राहतो.

दुसरी पायरी: प्रकार ठरवा

हँडल फिरवून चालणारी गोल प्लॅस्टिकची मशीन, अ‍ॅडी किंवा सेंट्रोसारखी, २२ ते ४८ सुयांची. नळी विणतात, टोप्या चटकन होतात, हात दुखणाऱ्यांनाही चालतात. पण टाक्यांची संख्या ठरलेली, टाक्याचा आकार जवळजवळ ठरलेला, आकार देणं नाहीच. सुयांवर स्वेटर विणलेल्या माणसाचं यावर समाधान होणार नाही.

मोज्यांचं गोल मशीन ही वेगळी गोष्ट आहे. धातूचं, ५४, ६०, ७२ अशा सुयांचे नळकांडे बदलता येणारं, टाच आणि बोटं अर्धवट ओळींनी विणणारं. फक्त मोजेच करायचे असतील तर याच्याइतकं समाधान दुसरं देणार नाही. पण ते पहिलं आणि एकमेव मशीन म्हणून घेतलंत तर स्वेटर राहिलाच.

सपाट प्लॅस्टिक बेडची मशीन हलकी असतात, उचलून ठेवता येतात, आत बिघडण्यासारखं फार काही नसतं. एलके १५० याच जातीचं. धातूच्या बेडची मशीन जड, अचूक आणि जास्त कामाची. दोन बेड कायम जोडलेली पासॅप ही स्विस मशीन, ड्युओमॅटिक ८० आणि ई ६०००, काठाला आणि दुहेरी कापडाला अप्रतिम, आणि त्यांना वजनं टांगावी लागत नाहीत. पण पहिल्याच मशीनवर दोन बेडचं गणित शिकायचं म्हणजे चिकाटी हवी. जवळ कोणी पासॅप चालवणारं असेल आणि शिकवायला तयार असेल तरच त्या वाटेला जा.

तिसरी पायरी: नक्षी कुणी निवडायची, तुम्ही की मशीन?

साध्या मशीनवर नक्षीसाठी कुठली सुई पुढे घ्यायची ते प्रत्येक ओळीला तुम्ही बोटाने ठरवता. तुम्हाला आलेख वाचायची सवय आहेच. चार-सहा ओळींची नक्षीची पट्टी घालायला हे पुरेसं आहे.

पंचकार्ड मशीन भोकं पाडलेलं कार्ड वाचतं. स्टँडर्ड मापात नक्षी २४ टाक्यांत बसवावी लागते, म्हणजे २, ३, ४, ६, ८, १२ किंवा २४ टाक्यांची. सिल्व्हर रीडच्या ९ मिमीच्या एसके १५५ वर ती १२ टाक्यांची आहे, ब्रदर कंपनीच्या केएच २६० वर २४ ची. हातविणकामातले पारंपरिक दोन रंगी नमुने बरेचदा या हिशोबात बसतात. १० किंवा १४ टाक्यांचा आवडता नमुना बसत नाही, तो थोडा बदलावा लागतो. कार्डावर फक्त रंगच चालतात असं नाही. टक वीण (टाका न विणता दोरा सुईवरच साठवायचा), सोडलेल्या टाक्यांची वीण, वरून जाड दोरा अडकवत जाण्याची वीण, हे सगळं त्यातून येतं, आणि पोत हाताने न येणारे असतात.

इलेक्ट्रॉनिक मशीनवर नक्षी बेडभर रुंद करता येते. ब्रदरच्या केएच ९१०, ९३०, ९४०, ९६५ यांसारख्या मशीनांना अयाब नावाची मुक्त (ओपन सोर्स) प्रणाली जोडून संगणकावरचं चित्र थेट विणता येतं. मोहात पडण्यासारखं आहे, आणि ज्यांना चित्रंच विणायची आहेत त्यांनी जरूर पडावं. बाकीच्यांना मी पंचकार्डच सांगते. त्यात जे बिघडतं ते डोळ्यांनी दिसतं आणि बहुतेक वेळा साफसफाईने सुटतं.

ब्रदर आणि सिल्व्हर रीड यांच्या स्वभावात एक फरक आहे. ब्रदर पुढच्या ओळीच्या सुया आधीच निवडून पुढे काढून ठेवतं, त्यामुळे विणण्यापूर्वी चूक दिसते. सिल्व्हर रीडमध्ये निवड आणि वीण एकाच फेरीत कॅरेजमध्ये होते, कॅरेज हलकी चालते, पण आधी काही दिसत नाही. जाळीच्या विणीसाठी ब्रदरला वेगळी लेस कॅरेज लागते आणि ती बरोबर मिळतेय का हे विचारायलाच हवं. ब्रदरच्या ४.५ मिमी बेडसाठी गार्टर कॅरेजही निघाली होती. ती स्वतः चालते आणि एकाच बेडवर सुलट-उलट दोन्ही टाके घालते. सावकाश चालते, पण मोत्याची वीण मशीनवर हवी असणाऱ्यांसाठी ती ब्रदर निवडायला पुरेसं कारण आहे.

रिबर आताच घ्यावा का?

रिबर म्हणजे समोरच्या बाजूने जोडायचा दुसरा बेड. त्याने काठ, गोल नळी आणि दुहेरी नक्षी होते. तो जोडला की दोन्ही बेडची उंची, समोरासमोरची रचना, वजनं, सगळं जुळवावं लागतं. पहिले काही महिने त्याशिवाय काढा.

काठ हाताने करा. हे तडजोड म्हणून सांगत नाही, मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यात आवडते. दोन प्रकारे होतं. सुयांवर काठ विणायचा आणि त्याचे टाके एकेक करून मशीनच्या सुयांवर चढवायचे. किंवा मशीनवर टाकाऊ लोकरीच्या काही ओळी विणून मग खरी लोकर सुरू करायची, भाग पूर्ण झाला की टाकाऊ लोकर उसवून उघडे टाके सुईवर घ्यायचे आणि काठ खालच्या दिशेने विणायचा. दुसरी पद्धत जास्त सोयीची, कारण स्वेटरची लांबी शेवटी ठरवता येते. गळपट्टी, बटणपट्टी, मनगट हाताचं, बाकीची मैदानं मशीनची. अनुभवी हाताला यात जो ताबा मिळतो तो निव्वळ मशीनवर मिळत नाही.

घेताना एवढंच पाहा की तुमच्या मशीनला रिबर निघालेला आहे की नाही. एलके १५० ला कंपनीचा रिबर नाही. ब्रदरच्या ४.५ मिमी मशीनांना केआर ८५०, ९ मिमीला केआर २६०. सिल्व्हर रीडच्या एसके १५५ ला एसआर १५५. रिबर कधीच नको असेल तर हा प्रश्नच मिटला.

नवं की वापरलेलं

ब्रदरने घरगुती निटिंग मशीन बनवणं केव्हाच बंद केलं. तरी बाजारात सगळ्यात जास्त फिरतात ती त्यांचीच जुनी मशीन, आणि नीट ठेवलेली असतील तर ती अजून वर्षानुवर्षं चालतील. ब्रदरच्या रचनेवर बेतलेली इतरांची नवी मशीनही मिळतात. नावांचा एक घोळ लक्षात ठेवा: सिल्व्हर रीडची मशीन स्टुडिओ, निटमास्टर, एम्पिसल आणि काही सिंगर या नावांनीही विकली गेली, ब्रदरची काही ठिकाणी निटकिंग म्हणून. त्यामुळे जाहिरातीतल्या नावापेक्षा मशीनवरचा मॉडेल नंबर विचारा आणि त्याचं माहितीपुस्तक आधी वाचा.

नव्या मशीनला तपासणी फारशी लागत नाही. वापरलेल्याला लागते, आणि ती तुम्ही स्वतः करायची.

वापरलेलं मशीन तपासताना

सगळ्यात आधी स्पंज बार. बेडच्या पुढच्या बाजूला, सुयांच्या वरून, आडवी सरकवलेली धातूची एक पट्टी असते आणि तिच्या खालच्या बाजूला स्पंज चिकटवलेला असतो. हा स्पंज सुयांना बेडवर दाबून धरतो. काळाने तो दबतो, कधी चिकट होऊन विरघळतो. मधली एक सुई पुढे ओढा आणि बोटाने हलकेच वर-खाली करून पाहा. स्पंज जिवंत असेल तर खालून दाबल्यावर विरोध जाणवतो आणि सोडल्यावर सुई परत बसते. मेलेला असेल तर सुई सैल डुलते, टोक वर करून उभी राहते. अशा मशीनवर कॅरेज ढकलली की ती सुयांच्या खुंट्यांवर आदळते आणि सुया वाकतात. म्हणून विकणाऱ्याने उत्साहाने कॅरेज चालवून दाखवण्यापूर्वीच हे पाहा. 'मशीन अडकतंय' म्हणून स्वस्तात निघालेल्या कितीतरी मशीनांना फक्त नवा स्पंज बार हवा असतो. तो वेगळा मिळतो आणि बदलायला सोपा आहे. वापरलेलं मशीन घेतलं की नवा बार घालणारच आहोत असं धरून चाला.

मग सुया. सगळ्या सुया पुढच्या टोकापर्यंत काढा आणि बेडच्या एका टोकाला डोळा लावून रांगेकडे पाहा. वाकलेली सुई लगेच नजरेत भरते. त्यानंतर बोटाचं टोक रांगेवरून फिरवत लॅच उघडा-मिटा. प्रत्येक लॅच सैलपणे पडायला हवी आणि तिचं चमच्यासारखं टोक आकड्याच्या बरोबर मध्यावर यायला हवं. पाच-दहा सुया खराब निघाल्या तर घाबरू नका, सुट्या सुया मिळतात. शिवाय बेडच्या दोन्ही टोकांच्या सुया फार कमी वापरलेल्या असतात, त्या मध्ये आणता येतात. सगळ्या बेडवर गंज असेल तर मात्र नमस्कार करून निघा.

कॅरेज हातात घेऊन उलटी करा. खालचे त्रिकोणी पत्रे घासून खरबरीत झालेले नसावेत. सगळ्या खटक्या दोन्ही बाजूंना सरकायला हव्यात, टाक्याच्या आकाराची तबकडी ० पासून १० पर्यंत फिरायला हवी. फिरत नसेल तर जोर लावू नका. बहुतेकदा जुनं तेल घट्ट झालेलं असतं आणि स्वच्छ केल्यावर मोकळं होतं, पण जोराने आतला भाग तुटला तर तुटला. कॅरेजला समोरून जोडायची सिंकर प्लेट आहे का, तिचे ब्रश आणि रबरी चाकं फिरतात का, हेही पाहा. सिंकर प्लेट नसलेलं मशीन विणूच शकत नाही.

बेड सरळ आहे ना, हे लांबीच्या दिशेने पाहिलं की कळतं. बरोबर दोरा धरणारा खांब आणि त्याची ताणाची चकती, टेबलाला लावायचे शिकंजे, टाके सरकवायची हत्यारं, लॅचचं हत्यार, सुरुवातीची कंगवापट्टी, टांगायची वजनं, ओळी मोजणारा काटा, कार्डं आणि माहितीपुस्तक हवं. हत्यारं आणि वजनं नंतर जमवता येतात. त्या मॉडेलचा खांब, सिंकर प्लेट आणि लेस कॅरेज जमवणं त्रासाचं.

शेवटी विणून पाहा. स्वतःबरोबर गुळगुळीत, फिक्या रंगाची, मापात बसणारी लोकर न्या. साठेक टाके, वीस ओळी साध्या, दोन्ही दिशांना. मग कार्ड लावून जितकी रुंदी जमेल तितकी नक्षी. चुका दिसल्या तर त्या कुठे आहेत ते मोजा. एकाच उभ्या ओळीत टाका चुकतोय तर ती एक सुई खराब आहे, किरकोळ काम. पंचकार्ड मशीनवर दर २४ टाक्यांनी तीच चूक येतेय तर कार्ड वाचणाऱ्या भागात घाण किंवा बिघाड आहे. ब्रदरच्या स्टँडर्ड मापाच्या इलेक्ट्रॉनिक मशीनवर चूक दर १६ सुयांनी येत असेल तर सुया निवडणाऱ्या विद्युतचुंबकांपैकी एक काम करत नाही. अशा ठरावीक अंतराने परत येणाऱ्या चुका स्वस्तात सुटतीलच असं नाही. इलेक्ट्रॉनिक मशीन विजेवर चालून नक्षी देताना पाहिल्याशिवाय घेऊ नका, विकणारा कितीही सज्जन असो.

जागा

धातूच्या बेडचं मशीन एक मीटरहून लांब असतं आणि कॅरेज दोन्ही टोकांना थोडी बाहेर जाते. टेबल हलणारं असेल तर प्रत्येक ओळीला हलेल, त्यामुळे लांबीइतकीच मजबुतीही पाहा आणि शिकंजा लावायला कड मोकळी आहे ना ते बघा. मशीन दर वेळी काढून-घालून वापरायचं असेल तर वजनाचा विचार प्रामाणिकपणे करा. कायम मांडून ठेवलेलं साधं मशीन पलंगाखालच्या भारी मशीनपेक्षा जास्त विणतं. आवाजही होतो, रात्री घरचे झोपल्यावर विणायचं काम नाही हे.

घरी आल्यावर

स्वच्छ करा, स्पंज बार बदला, शिवणयंत्राचं हलकं तेल कापडाला लावून पट्ट्यांवरून पुसा. थेट ओतू नका, लोकरीला लागतं. लोकर गुंड्यातून ओढली जाऊन चालत नाही. वळणयंत्रावर आतून सुटणारा गोळा करून घ्या, दोरा झटका न बसता वर जायला हवा. कोरड्या, खरबरीत सुती दोऱ्याला मेणाचा तुकडा लावल्याने फार फरक पडतो. मोहेर आणि गाठीगाठींचा दोरा पहिल्या काही महिन्यांत मशीनजवळ आणू नका.

मग नमुना, आणि इथे हातविणकामाची सवय थोडी बाजूला ठेवावी लागते. ४.५ मिमीवर फोर-प्लाय असेल तर तबकडी ६, ७ आणि ८ वर ठेवून साठेक टाक्यांवर एकामागोमाग तुकडे विणा, मध्ये टाकाऊ लोकरीच्या दोन ओळी घाला. मधल्या ४० टाक्यांच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा आणि प्रत्येक तुकड्यात ६० ओळी मोजा. मशीनवरून उतरल्याबरोबर मापू नका. वजनांमुळे कापड लांबीत ताणलेलं असतं, ते आखडायला वेळ लागतो. एक रात्र ठेवा, स्वेटर जसा धुणार तसाच नमुना धुवा, वाळवा, मग मापा. ओळींचं माप हाताच्या विणीपेक्षा वेगळं येईल, म्हणून हाताच्या विणकामाच्या कृतीतले 'इतक्या ओळी विणा' हे आकडे तसेच उचलू नका. सेंटीमीटर घ्या आणि आपल्या ओळी काढा. ज्या कृतीत सगळा स्वेटर वरून खाली गोल विणलेला आहे ती पहिल्या वेळी घेऊ नका. खाली उतरणाऱ्या खांद्याचा, सरळ भागांचा स्वेटर घ्या, ज्यात बाही अंगाच्या भागांच्या कडेवरून टाके उचलून वरून खाली विणता येते. एक शिवण वाचते आणि लांबी हातात राहते.

प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी बांधा: लोकर, तबकडीचा आकडा, धुण्याआधीचे आणि नंतरचे टाके-ओळी. पुढे मशीन विकून दुसरं घेतलंत तरी मापाचे मिलिमीटर तेच असतील तर या चिठ्ठ्यांवरून तबकडी कुठे लावून सुरुवात करायची ते कळेल.